परसातला हौद

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यात आमच्या घरामागे एक हौद आहे. चार फूट लांब, तीन फूट रुंद, गुडघाभर पाणी. त्यात कुमुदिनी, कोपऱ्यात लव्हाळा आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे. वैशाखात ओढे आटतात, तेव्हा एवढ्याशा पाण्यावर कोण कोण येतं ते बघायला मी पहाटे मागच्या पायरीवर बसते.

दयाळ सगळ्यांच्या आधी. हे त्याच्या विणीचे दिवस, म्हणून झुंजुमुंजू होतानाच शेवग्याच्या शेंड्यावर त्याची शीळ सुरू होते. मग बुलबुलांची जोडी, मागोमाग सातभाईंचा कलकलाट. दुपारी कावळा चोच वासून बसलेला दिसतो. पक्ष्यांना घाम येत नाही. उघड्या चोचीतून ओलावा बाहेर टाकून ते अंग गार ठेवतात, त्यामुळे ऐन उन्हात त्यांच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं.

पण मला खिळवून ठेवलं ते मधमाश्यांनी. पाणी त्या नुसतं पीत नाहीत, पोटात भरून घरी नेतात. पोळ्यात ते पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा. पाण्याची वाफ होते, पोळं निवतं. आपल्या माठाचंच तत्त्व! आतल्या अळ्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. बाहेर चाळिशी गाठली तरी माश्या ती फार वाढू देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी याच हौदात एक खार बुडून मेली. भिंती सरळ, गुळगुळीत. तिला वर चढताच आलं नाही. चूक माझी होती, आणि ती आठवण अजून बोचते. त्याच दिवशी मी आत विटांची उतरण रचली, नारळाची सोडणं पाण्यावर सोडली. आता खारी विटांवरून उतरतात, माश्या सोडणांवर बसून पाणी घेतात. तुम्ही मातीची परात ठेवलीत तरी तिच्यात दोन खडबडीत दगड ठेवाच, आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

परवा लव्हाळ्याच्या काडीवर एक रिकामी कात दिसली, पाठीवर उभी चीर पडलेली. चतुराची अळी पाण्यात वाढली, रात्री काडी चढून आली आणि सकाळी पंख वाळवून उडून गेली. कात मी काढलेली नाही. वाऱ्यानं काडी हलते, पण तिची पकड सुटलेली नाही.