पेट्रोलचा भाव ठरवतो कोण, व्हाइट हाऊस की बाजार?

२०२१-२२ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर एक स्टिकर दिसायला लागला होता. राष्ट्राध्यक्ष बायडेन बोट दाखवतायत आणि बाजूला लिहिलंय, 'हे मी केलं'. चिकटवायचा तो बरोब्बर आकड्याच्या शेजारी, म्हणजे बोट थेट बिलाकडे. पंपवाले बिचारे खरवडून काढतायत, तोवर कोणीतरी नवा लावून गेलेलं. जून २०२२ मध्ये देशाचा सरासरी भाव पहिल्यांदाच गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला, गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर, आणि मग काय, स्टिकरवाल्यांना जोरच चढला.

आता थोडं मागे जाऊ. जुलै २००८. राष्ट्राध्यक्ष बुश, कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत गेलेलं आणि पंपावर ४ डॉलर ११ सेंटच्या आसपास. त्याच वर्षीचा डिसेंबर घ्या. राष्ट्राध्यक्ष तेच, बुशच, आणि भाव १ डॉलर ७० सेंटच्याही खाली. मधे झालं काय? बँका कोसळल्या, मंदी आली, माल हलेना, लोकांनी गाड्या कमी काढल्या, मागणी बसली आणि भावही बसला. गंमत म्हणजे बुश यांनी जुलैमध्येच समुद्रातल्या तेलविहिरींवरची राष्ट्राध्यक्षांकडून असलेली बंदी उठवली होती, त्यामुळे त्यांचे समर्थक म्हणायला मोकळे की बघा, सही केली आणि भाव उतरले! अहो, समुद्रात विहीर खोदून तेल बाहेर यायला वर्षानुवर्षं जातात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, दुसरं काही नाही. पुढे ओबामांना उलटा त्रास झाला. त्यांनी शपथ घेतली तेव्हा मंदीमुळे भाव तळाला होता, पुढे तो चढत गेला, आणि २०१२ च्या निवडणुकीपर्यंत विरोधक तोच आकडा त्यांच्या तोंडावर फेकत राहिले.

मग गॅलनमागे पैसे जातात कुठे? साधारण निम्मा वाटा कच्च्या तेलाचा, कधी त्याहून जास्त. उरलेल्यात रिफायनरी, वाहतूक, पंपवाला आणि टॅक्स. केंद्राचा टॅक्स गॅलनला १८.४ सेंट, तो १९९३ पासून तिथेच आहे, वाढवायची कोणाची हिंमत नाही. आणि कमी करायला गेलं तरी होत नाही, जून २०२२ मध्ये बायडेननी तीन महिन्यांसाठी हा टॅक्स माफ करा म्हटलं तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते केलंच नाही. राज्यांचे टॅक्स वेगळे, अलास्कात अगदी थोडा, कॅलिफोर्नियात भरपूर.

म्हणजे मुख्य मामला कच्च्या तेलाचा, आणि त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०१८ पासून अमेरिका जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढते, तरीही. कारण हे तेल सरकारचं नाही, कंपन्यांचं आहे. त्यातलं केंद्र सरकारच्या जमिनीवरून आणि समुद्रातून येतं ते साधारण चौथा हिस्सा, बाकीचं खाजगी आणि राज्यांच्या जमिनीतलं, तिथे राष्ट्राध्यक्ष 'खोदा' म्हणाले काय आणि 'नका खोदू' म्हणाले काय, कंपनी आधी भाव बघणार.

आता पंपावर जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त शिव्या इथेच पडतात. वर पाटी मोठ्या कंपनीची असली तरी बहुतेक ठिकाणी मालक वेगळाच, छोटा धंदेवाला. गॅलनमागे कार्डाचे पैसे वगैरे जाऊन त्याच्या हातात थोडेच सेंट राहतात, खरी कमाई आतल्या दुकानात, कॉफी, चिप्स, सिगरेट. जमिनीखालच्या टाकीत कालचं स्वस्त पेट्रोल असतं तरी हा आज भाव वाढवतो, लोक म्हणतात लूट आहे, पण पुढचा टँकर त्याला नव्या भावाने घ्यायचाय आणि त्याचे पैसे या विक्रीतूनच काढायचेत. बरं, भाव उतरायला लागले की मात्र साहेब निवांत. समोरचा पंप कमी करेपर्यंत बघू, चार दिवस जास्त मिळतायत तर मिळू दे. अर्थशास्त्रज्ञ याला 'रॉकेट आणि पीस' म्हणतात, वर जाताना रॉकेट, खाली येताना पिसासारखं तरंगत. आणि हे राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असला तरी होतं.

एवढं ऐकून वाटेल की राजकारणाचा काही संबंधच नाही. आहे ना, फक्त लोक बघतात त्या ठिकाणी नाही.

ऑक्टोबर १९७३. इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी अमेरिकेचं तेल बंद केलं. काही महिन्यांत बॅरलचा भाव ३ डॉलरच्या आसपास होता तो १२ च्या घरात. हे सरळसरळ राजकारण. पण पंपांवरच्या त्या लांबलचक रांगा, त्याला घरचं राजकारणही तेवढंच कारणीभूत. निक्सन यांनी १९७१ पासून भावांवर सरकारी नियंत्रण आणलं होतं. भाव चढू द्यायचा नाही म्हटल्यावर पेट्रोलच संपायला लागलं, नंबर प्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम यावरून टाकी भरायचा दिवस ठरायला लागला. तेलावरचं उरलंसुरलं नियंत्रण जानेवारी १९८१ मध्ये रेगननी आल्या आल्या काढलं. पाटीवरचा आकडा सरकार दाबून धरू शकतं, पण मग लोक पैशाऐवजी तासांनी किंमत मोजतात.

आणि २०२० तर कळसच. कोविडमध्ये गाड्या बंद, तेल घ्यायला कोणी नाही, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या, म्हणजे सौद्याचं तेल जिथे ताब्यात घ्यायचं तिथल्या, टाक्या भरत आलेल्या, आणि २० एप्रिलला मे महिन्यात माल उचलायचा अमेरिकन तेलाचा सौदा बंद झाला उणे ३७ डॉलर ६३ सेंटला. उणे! म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. त्याच्या आठच दिवस आधी सौदी, रशिया आणि त्यांच्या गटाने रोज ९७ लाख बॅरल उत्पादन कमी करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी फोनाफोनी कोण करत होतं, तर खुद्द ट्रम्प. टेक्सासच्या कंपन्या बुडायला लागल्या होत्या, त्यामुळे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तेल महाग व्हावं म्हणून धडपडत होता. याचा स्टिकर मात्र कुठेच दिसला नाही.

भाव खाली आणायला राष्ट्राध्यक्षांच्या हातात एक चावी आहे, आपत्कालीन साठा. टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखाली मिठाच्या प्रचंड गुहांमध्ये तेल भरून ठेवलंय. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर बायडेननी त्यातलं १८ कोटी बॅरल काढायचं जाहीर केलं. मित्रदेशांनीही आपापले साठे सोडले, आणि या सगळ्यामुळे भाव गॅलनला १७ ते ४२ सेंटने कमी झाला असा सरकारच्याच अर्थखात्याचा अंदाज. म्हणजे सगळं त्यांचंच म्हणणं धरलं तरी ५ डॉलरमधले ४२ सेंट. नोव्हेंबरच्या निवडणुका डोळ्यासमोर ठेवून केलं म्हणून टीका झाली, ती काही अगदीच खोटी वाटत नाही.

शेवटी कॅलिफोर्निया, कारण तिथे राजकारण आणि बाजार हे दोन धागे सुटे करता येतच नाहीत. हवा स्वच्छ राहावी म्हणून राज्याने स्वतःच्या खास मिश्रणाचं पेट्रोल सक्तीचं केलंय, हवेला फायदा झालाच, पण ते बनवणाऱ्या रिफायनरी मोजक्या. टेक्सासकडून पेट्रोल आणणारी पाइपलाइन नाही. देशातल्याच बंदरातून आणायचं तर १९२० च्या जोन्स कायद्यामुळे अमेरिकेत बांधलेलं महागडं जहाज लागतं, आणि आशियातून मागवलं तर काही आठवडे थांबा. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉरन्सच्या एका रिफायनरीत स्फोट झाला आणि राज्यभर भाव उसळले. टंचाई बाजाराची, कुंपण कायद्याचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नवा कायदा केला, रिफायनऱ्यांनी किमान साठा ठेवावा असं बंधन घालायची सोय त्यात होती. दोनच दिवसांनी फिलिप्स ६६ या तेल कंपनीने लॉस एंजेलिसची रिफायनरी २०२५ च्या शेवटी बंद करणार म्हणून जाहीर केलं. टीकाकार लगेच म्हणाले, बघा, कायद्याचा परिणाम. कंपनीने कारण दिलं बाजाराचं.