टँक खेळताना आधी तोफ जगवा
(राजारामपुरीत गेम खेळणाऱ्या पोरांसमोर झालेलं बोलणं, थोडं आवरून सवरून लिहून काढलेलं)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या की, खुर्च्या आहेत. आज बोलायचंय वर्ल्ड ऑफ टँक्स ह्या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेमवर, पीसीवरचा, १५ विरुद्ध १५ वाला. ब्लिट्झ खेळणारी पोरं पण बरीच दिसतायत, तिथं मोबाईलवर ७ विरुद्ध ७ असतंय आणि मॅप लहान, पण मी सांगणार त्यातलं बहुतेक तिकडं पण लागू होतंय, फक्त आकडे मी सांगतोय ते पीसीचे धरा.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. फुल एचपी (म्हणजे टँकचा जीव) असलेला टँक आणि १ एचपी उरलेला टँक, दोघांची तोफ सारखीच मारते. ३९० डॅमेजची तोफ असंल तर दोघांचीही सरासरी ३९०च. (वर खाली होतंय ते वेगळं, गेम साधारण २५ टक्के इकडं तिकडं करतोय, म्हणजे २९२ पण बसू शकतोय आणि ४८७ पण.) टँक मरतो तेव्हा एचपी जातात हे आपल्याला दिसतंय, पण खरं काय जातंय तर टीमची एक तोफ जाते, आणि ती उरलेल्या सगळ्या मॅचभर गेलेली असते. दुसऱ्या मिनिटाला मेलेला टँक म्हणजे पुढची दहा बारा मिनिटं न झालेलं फायर. हे डोक्यात बसलं ना की बाकीचं अर्धं आपोआप सुधारतंय.

ह्याचा हिशोब पण आहे आणि तो इस्कटून सांगतो, कारण ह्यावर कुणी बोलत नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता, त्यानं १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं की लांबून मारणाऱ्या शस्त्रांच्या लढाईत ताकद संख्येच्या वर्गानं मोजायची. म्हणजे सारख्याच ताकदीचे ३ टँक विरुद्ध २ टँक लढले तर शेवटी १ उरतो असं आपल्याला वाटतंय, पण ३ चा वर्ग ९, २ चा वर्ग ४, वजा केलं की ५, त्याचं वर्गमूळ साधारण सव्वादोन. म्हणजे तिघांची बाजू जिंकते आणि वर सव्वादोन टँकांइतकी ताकद शिल्लक राहते. आता हेच १५ विरुद्ध १२ ला लावा, २२५ वजा १४४, राहिले ८१, म्हणजे ९. नुसते तीन टँक सुरुवातीला फुकट गेले तर समोरच्याचे नऊ टँकांएवढं बळ उरतंय आणि आपल्याकडं शून्य. गेममध्ये सगळे एकदम एकमेकांना दिसत नसतात त्यामुळं एवढं तंतोतंत होत नाही, पण १५-३ नं हरलेल्या मॅच तुम्ही सगळ्यांनी बघितल्यात, त्या अशाच होतात. टीम कच्ची होती म्हणून लोक चॅटमध्ये शिव्या घालतात, पण बऱ्याचदा टीम कच्ची नसते, पहिल्या दोन मिनिटांत तीन तोफा गेलेल्या असतात एवढंच.

म्हणून मग एचपी दाबून मागं बसायचं का, तर तसं पण नाही. एचपी हा खर्च करायचाच पैसा आहे, फक्त बदल्यात काहीतरी आलं पाहिजे. हेवी, म्हणजे जड चिलखताचा टँक घेऊन मागं झाडाखाली बसलाय, टीम मेली, शेवटी हा एकटा फुल एचपीवर आणि समोर सहा, ह्याचा कुणाला काही उपयोग नाही झालेला. हेवीवाल्यानं अर्धे एचपी मॅचच्या मधल्या टप्प्यात टीमसाठी खर्चलेच पाहिजेत असं माझं मत आहे. समोरच्यानं ४९० चा गोळा आत्ताच दुसऱ्या कुणाला तरी मारला, त्याचं रिलोड, म्हणजे परत गोळा भरायचा वेळ, १२ सेकंदाचं, तर त्या १२ सेकंदात तुम्ही बाहेर येऊन दोन गोळे मारून परत आत. आपल्याकडं म्हणतात तसं खटक्यावर बोट जाग्यावर पलटी, ते ऐकायला भारी वाटतंय पण इथं खटक्यावर बोट ठेवायच्या आधी समोरच्याची तोफ भरलीय का रिकामी आहे हे माहीत पाहिजे. कोण कधी फायर करतोय ते मनातल्या मनात मोजायची सवय लावा, एक एक टँकचं रिलोड पाठ होतंय हळूहळू.

आता चिलखत. ह्यात लोक फार गोंधळतात. चिलखताची जाडी कागदावर १०० मिलिमीटर लिहिलेली असली तरी गोळा तिरका लागला तर त्याला जास्त लोखंड कापत जावं लागतंय. खऱ्या रशियन टी-३४ चं पुढचं पत्रं ४५ मिलिमीटरच होतं, पण ६० अंशात झुकवलेलं, म्हणून सरळ रेषेत मोजलं तर ९० भरतंय, दुप्पट. ते पत्रं कारखान्यातच तिरकं बसवलेलं. जर्मनांचा टायगर वन मात्र पेटीसारखा सरळ, पुढं १०० आणि बाजूला ८०. मग तो तिरका कुणी करायचा, तर आपण, गाडी वळवून.

वहीत लिहून घ्या हे. टायगर समोरासमोर उभा केला तर १०० मिलिमीटर. ३० अंश वळवला तर पुढचं ११५ होतंय आणि बाजूचं १६०. ४५ अंश वळवला तर पुढचं १४१, वा, पण बाजू ११३ वर आली, आणि समोरचा शहाणा असंल तर तो बाजूलाच मारणार. म्हणजे जास्त वळवून काय मिळवलं नाही, उलट घालवलं. मधे साधारण ३८-३९ अंशाला दोन्हीकडं १२८ च्या आसपास येतंय, ती ह्या गाडीची बसायची जागा. ह्यात एक बारीक गोष्ट, साधा एपी गोळा (चिलखत भेदायचा) चिलखतावर आदळताना गेममध्ये ५ अंश आपल्या बाजूनं वळवून घेतोय, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, त्यामुळं प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी पडतात. आणि एपी गोळा ७० अंशाच्या पुढं तिरका लागला (सरळ समोरून लागला तर शून्य धरायचं) तर तो उडतोच, पेनिट्रेशन, म्हणजे भेदायची ताकद, कितीही असू दे. ह्याला अपवाद म्हणजे गोळा चिलखताच्या तिपटीपेक्षा जाड असला तर, १२२ ची रशियन तोफ ४० मिलिमीटरच्या छताला लागली की उडायचा विषयच नाही, सरळ आत.

ह्या ७० अंशाच्या नियमावरच साइडस्क्रेपिंग, म्हणजे कोपऱ्याआडून नुसती तिरकी बाजू दाखवत मारणं, उभं आहे. हिमेल्सडॉर्फ मॅप डोळ्यासमोर आणा, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, मधे शहराच्या गल्ल्या. तुम्ही एका इमारतीच्या कोपऱ्याआड आहात आणि गल्लीच्या टोकाला शत्रूचा हेवी. नवीन पोरगा काय करतोय, नाक पुढं करून कोपऱ्यातून बाहेर येतोय, मग आधी नाकाखालचं कमजोर पत्रं बाहेर, मग ट्रॅकचं (साखळी पट्ट्याचं) पुढचं चाक बाहेर, आणि तोफ सगळ्यात शेवटी. म्हणजे आपली तोफ बोलायच्या आधी दोन गोळे खाल्ले. त्याच्याऐवजी कोपऱ्यापासून जरा लांब थांबा, गाडीचं नाक भिंतीच्या आडोशाला राहील असं तिरकं ठेवा आणि रिव्हर्स घेत घेत बाहेर या. मग समोरच्याला काय दिसतंय, तुमची एक बाजू, ती पण इतकी निमुळती की त्याचा गोळा ७० च्या पुढंच लागणार, आणि टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट. नाक भिंतीआडच आहे. तुम्ही टरेट फिरवून फायर केलं की नुसता पुढचा गियर, गाडी आत. रिव्हर्सपेक्षा फॉरवर्ड स्पीड जास्त असतोय हा वरचा फायदा. हे करताना बाजू २० अंशापेक्षा जास्त उघडली की संपलं, गोळा ७० च्या आत लागणार आणि उडायची खात्री गेली. म्हणून ट्रेनिंग रूम उघडून एका मित्राला समोर उभं करा आणि त्याच्या स्क्रीनवर बघा आपण कसं दिसतोय, स्वतःच्या स्क्रीनवरून हे कळत नाही.

(इथं एका मुलीनं विचारलं, "दादा, पण समोरचा गोल्ड मारत असंल तर?")

चांगलं विचारलंस ताई. गोल्ड म्हणजे प्रीमियम गोळा, तो आता गेममधल्या साध्या क्रेडिटवर पण मिळतोय, फक्त महाग पडतोय. त्यातला हीट गोळा (चिलखतावर फुटून धार आत घुसवणारा) असला तर त्याला नॉर्मलायझेशन नाही, आणि तो ८५ अंशापर्यंत उडत नाही, म्हणून साइडस्क्रेपला तो थोडा त्रास देतोय. पण हीटची दुखरी नस म्हणजे ट्रॅक आणि बाहेरची पातळ पत्री, तिथं आदळला की तो तिथंच फुटतोय आणि पुढं जाईपर्यंत त्याचा जोर उतरतोय. म्हणून ट्रॅक समोर राहील असं बसायचं. आणि इथं पालक पण आलेत म्हणून स्पष्ट सांगतो, काका, ह्या गेममध्ये एक रुपया न घालता चांगलं खेळता येतंय. पोरानं पैसे मागितले तर आधी त्याला त्याच्या मॅचचा रिप्ले बघायला सांगा.

दिसणं आणि न दिसणं, ह्यावर जास्त वेळ घेतो कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो. गेममध्ये ४४५ मीटरच्या पुढचं कुणालाच स्वतःहून स्पॉट करता, म्हणजे शोधून टीमला दाखवता येत नाही, आणि ५० मीटरच्या आत कितीही झाडी असू दे, दिसणारच. ह्या दोन आकड्यांच्या मधे सगळा खेळ आहे. बहुतेक चालता टँक थांबलेल्यापेक्षा लवकर दिसतोय, फायर केलेला त्याहून लवकर. झुडपामागं बसून फायर केलं आणि झुडूप १५ मीटरच्या आत असलं तर त्या वेळेपुरता त्याचा आडोसा जातोय. १५ मीटर मागं सरकलात तर आडोसा टिकतोय, पण मग पलीकडचं तुम्हाला पण दिसत नाही, पुढं दुसरा कुणीतरी स्पॉट करणारा पाहिजे. स्पॉट झाल्यावर स्क्रीनवर बल्बचं चिन्ह पेटतंय, तुम्ही दिसलात असं सांगणारं, ते साधारण ३ सेकंदानं, म्हणजे बल्ब पेटला तेव्हा समोरच्यानं निशाणा धरलेला असू शकतोय. बल्ब बघून विचार करत बसू नका, आधी हला.

आपल्या इकडं शिरोळ हातकणंगल्याला ऑक्टोबरात उसाच्या शेतात माणूस शिरला तर चार पावलांवरून दिसत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला हाच ऊस कामाला आला. पाकिस्तानकडं अमेरिकन पॅटन रणगाडे होते, ९० मिलिमीटरच्या तोफेचे, त्या वेळचे आधुनिक. आपले सेंच्युरियन त्यांच्यापुढं जुने. पण आपल्या लोकांनी घोड्याच्या नालेसारखी रचना करून रणगाडे उसात दडवले, शेतात पाणी सोडून जमीन रुतती केली आणि पॅटन आत येईपर्यंत थांबले. भारतीय नोंदीप्रमाणे त्यांचे ९७ रणगाडे तिथं गेले. तिथंच हवालदार अब्दुल हमीद जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉयललेस तोफ घेऊन बाजूनं जागा घेत रणगाडे टिपत होते, तिथंच ते गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती खरी लढाई होती, माणसं गेली तिथं, आपला हा खेळ आहे, दोन्हीत गल्लत करू नका. पण थांबून राहायचं धाडस म्हणजे काय हे मला तिथून कळलं. समोर टँक दिसला की बोट शिवशिवतंय, आणि पहिला गोळा मारला की आपली जागा उघडी. तो अजून शंभर मीटर पुढं आला असता तर त्याची बाजू मिळाली असती आणि परत जायची वाट पण त्याला राहिली नसती. अहिल्यानगरला टँक म्युझियम आहे, जमलं तर जाऊन या आणि पॅटन जवळून बघा, कुठंच सपाट भिंत नाही, सगळी गोलाई, गोळा उडावा म्हणून. गेममधलं मॉडेल बघून हे तेवढं कळत नाही.

मिनीमॅपचं, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाचं, थोडक्यात सांगतो. दिसणारे लाल ठिपके सगळेच बघतात, तुम्ही न दिसणारे मोजा. मॅच सुरू व्हायच्या आधी ३० सेकंद असतात, त्यात समोरची यादी वाचा, किती हेवी, किती टँक डिस्ट्रॉयर, आर्टी, म्हणजे लांबून मारणारी तोफगाडी, आहे का. तीन मिनिटांनी तुमच्या बाजूला दोनच दिसले आणि पलीकडं चार, तर बाकीचे नऊ कुठं गेले? प्रोखोरोव्कासारख्या उघड्या मॅपवर ते रेल्वे लाईनपलीकडच्या झाडीत असणार असं धरून चाला.

("आम्ही तिघं प्लॅटून करून एकत्र खेळतो, पण तरी हरतो," एकजण.)

तिघं एकाच टँकवर मारता का? नाही ना. तिथंच आहे बघ भावा. डिस्कॉर्डवर एकानं नुसतं बोलायचं, "डावीकडचा, ट्रॅक काढलाय, मारा." पुढच्या चाकावर गोळा बसला की तो जागचा हलत नाही, आणि तिघांच्या गोळ्यात तो जातोय. तीन टँकांना थोडं थोडं जखमी करून तिन्ही तोफा चालूच राहतात, मघाशी तोच हिशोब सांगितला.

शेवटचा प्रश्न होता नवीन माणसानं कुठला टँक घ्यावा. केव्ही-१ घ्या, पाचव्या टियरचा (पायरीचा) रशियन हेवी. त्याचं पुढचं आणि बाजूचं चिलखत दोन्ही ७५ मिलिमीटर, म्हणून त्याला विचार न करता ४५ अंशात उभा केला तरी दोन्हीकडं १०६ पडतंय, नॉर्मलायझेशन धरून ९८ च्या आसपास. त्याच्यावर हात बसला की टायगरवर जा, आणि तिथं गेल्यावर अंश कमी करायचे, ३५ ते ४० च्या मधे, कारण त्याची बाजू पुढच्यापेक्षा पातळ आहे. कुणाला साइडस्क्रेप करून बघायचं असंल तर लॅपटॉप चालू आहे, दोघं दोघं या.