ओट्यावर काय, माळ्यावर काय

नमस्कार. मागे उभे आहात ते पुढे या, पंखा इकडेच आहे. फलकावर विषय लिहिलाय 'घरच्या कॉम्प्युटरचं स्टोरेज कसं वाढवावं : गेम आणि सिनेमे', ते वाचून आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले, अहो हे काय वय आहे का तुमचं गेम खेळायचं. काका आत्ता पहिल्याच रांगेत बसलेत आणि त्यांच्याकडे जुने सिनेमे इतके साठलेत की डिस्कची पट्टी लाल झालीये, तेव्हा कोण कोणाला बोलणार.

मला खरं तर एकच सांगायचंय. एकच मोठ्ठी महागडी डिस्क घेऊ नका. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आजीचा ओटा जेमतेम दीड हात, त्यावर तिखटमिठाचा डबा, चहासाखर, रोजची चार भांडी. सोऱ्या, मोठी परात, वर्षाचे पापड, आकाशकंदील हे सगळं माळ्यावर. पण आजी कधी म्हणाली नाही की ओटाच एवढा मोठा बांधा की सोऱ्यापण मावेल. आणि आपण नेमकं तेच करतो, दोन हजार सिनेमे एसएसडीवर, त्या वेगवान पण महाग डिस्कवर, म्हणजे पापडाचे डबे ओट्यावर.

पण आधी डिस्कच्या आकड्यांचं सांगतो, ते मी भांडणातून शिकलो. १९९९ साली माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला ४.३ जीबीची हार्डडिस्क होती, तेव्हा सिनेमा दोन सीडींवर यायचा, जुन्या बाजारातून आणलेली दुसरी सीडी हमखास क्लायमॅक्सला अडकायची, आणि असे दोन सिनेमे डिस्कवर उतरवले की विंडोज कण्हायला लागायचं. तर मी ठरवलं होतं की एक दिवस १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची डिस्क घ्यायची. घेतली कधी, तर २०११ च्या दिवाळीनंतर. त्या वर्षी थायलंडला पूर आला, अयुथया प्रांतात, हो, नाव आपल्या अयोध्येवरूनच पडलंय, तर तिकडचे हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि पाणी तिकडे, भाव चढले इकडे पुण्यात, तपकीर गल्लीतल्या दुकानांत. मी तरी घेतली. घरी येऊन जोडली, आणि विंडोजनं दाखवलं, ९३१ जीबी.

एकोणसत्तर जीबी गायब! माझ्या पहिल्या डिस्कसारख्या सोळा डिस्क मावतील एवढी जागा. मी तसाच उठून परत दुकानात. दुकान एक ते चार बंद होतं, त्यावर विनोद करणार नाही, तुम्ही आधीच हसताय. चार वाजता दुकानदार म्हणाला, साहेब सगळ्यांना तेवढीच दिसते. मी म्हणलं, सगळ्यांना कमी दिलं म्हणजे कमी दिलं नाही असं होतं का? तो म्हणाला, डिस्क परत घेत नाही. मी म्हणलं, लेखी द्या. तो म्हणाला, पेन नाहीये. मग मी घरी येऊन कंपनीला दोन पानी पत्र लिहायला घेतलं, फुलस्केपवर, समास सोडून, 'महोदय' पासून.

बायको पलीकडे भाजी निवडत होती, तिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, अहो सासूबाईंच्या पाटल्या आठवतात का? आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या, घरातल्या वहीत तशीच नोंद. मोडायच्या नव्हत्या, नुसत्या वजन करायला नेल्या तर सोनार म्हणाला साडेचार तोळ्यांच्या वर आहेत. आता सोनं काय कपाटात वाढतं का? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा सोनाराचा तोळा १० ग्रॅमचा. सोनं तेवढंच, तोळा बदलला.

हेच डिस्कचं! कंपनी जीबी मोजते शंभर कोटी बाइटचा, सरळ हजाराच्या पटीत. विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, त्याचा जीबी मोठा, म्हणून आकडा लहान. बाइट एकही हरवलेला नाही. या मोठ्या जीबीला १९९८ साली 'गिबिबाइट' असं वेगळं नावपण दिलंय, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. मॅकवाले हसू नका, तुम्हाला पूर्ण १००० दिसतात, सोनं तुमच्याकडेपण तेवढंच आहे. पत्र मी फाडलं. दुकानदाराची माफी मात्र मागितली नाही, कारण पेन होतं, त्याच्या खिशाला होतं.

आता खरी फसवणूक कशी असते तेपण सांगतो, भाच्यानं ऑनलाइन '१६ टीबी'ची पोर्टेबल एसएसडी मागवली, किंमत एका जेवणाएवढी. आत निघालं बारकं मेमरी कार्ड. त्याच्या चिपमध्ये खोटा आकडा भरलेला असतो, त्यामुळे विंडोज १६ दाखवतं, कॉपीपण होतं, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत, नावं दिसतात, फाइल उघडत नाही. नवीन काही घेतलं की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवा, तो डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतो, वेळ लागतो, लागू दे.

चिठ्ठी आलीये. भजनी मंडळाला साडेसातला हॉल हवाय, म्हणजे मला सात मिनिटं. बरं, पळतो.

सिनेमाला वेग लागत नाही. ब्लू-रेचा सिनेमा अगदी जोरात असताना सेकंदाला सहा-सात एमबी मागतो, फोरके डिस्कचा सोळाएक. साधी हार्डडिस्क दीडशे देते. म्हणजे सिनेमे माळ्यावर, हार्डडिस्कवर, घेताना सीएमआर आहे ना ते बघा, म्हणजे आत लिहिण्याचे पट्टे सुटे असलेली, एसएमआरवाली, पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेली, सलग खूप लिहायला लागलं की रेंगाळते. गेमचं उलट. बाल्डर्स गेट ३ एकटा १५० जीबी आणि एसएसडीच पाहिजे असं त्याच्या गरजांच्या यादीत लिहिलेलंच आहे. सध्या खेळताय ते दोन-तीन गेम ओट्यावर, बाकीचे स्टीममध्ये, म्हणजे जिथून गेम विकत घेतो त्या प्रोग्रॅममध्ये, स्टोरेजमध्ये जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, परत डाउनलोड करावं लागत नाही.

एसएसडी घेण्याआधी मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीचं, मॅन्युअल उघडा. एम डॉट टू हा फक्त पट्टीसारख्या एसएसडीचा आकार, आत जोडणी सॅटा असते, ती जुनी, नाहीतर एनव्हीएमई, ती नवी. सॅटा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई जेन थ्री साडेतीन हजारापर्यंत जाते. काही बोर्डांवर ती खाच भरली की एखादा सॅटा पोर्ट बंद पडतो, मग जुनी डिस्क दिसेना म्हणून लोक डिस्कला शिव्या देतात. आणि एसएसडी बसवायचा तो बारका स्क्रू वाटीत ठेवा, माझा फरशीच्या फटीत आहे, अजून आहे.

नवीन डिस्क दिसत नसेल तर घाबरू नका, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज करावी लागते, म्हणजे वापरायला तयार करावी लागते, तिथे डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती विचारतात, जीपीटी निवडा, जुनी एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. टीव्हीच्या पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा जात नाही, तर त्याचा फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, फॅट-३२ असणार, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, फॉरमॅट एक्सफॅट करा, टीव्ही जुना असेल तर तो मानेल की नाही ते आधी बघा. फॉरमॅटनं आतलं सगळं जातं, हे मी सांगितलं होतं म्हणून लक्षात ठेवा.

बॅकअप! गेम परत उतरवता येतो. मुंजीचे फोटो परत काढता येत नाहीत, मुलगा आता सहा फूट झालाय. फोटो दोन डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, मेहुण्याकडे ठेवा. रेड केलंय, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातंय, म्हणून बॅकअप झाला असं नाही, चुकून डिलीट केलंत तर दोन्हीकडून एकदमच जातं.

टाळ वाजायला लागले. काका, डिस्क आणलीये का? द्या, बाहेर कट्ट्यावर लॅपटॉप उघडतो, पण चप्पल आधी शोधू द्या.