नजर कुठे होती?

टेबलावर दोन ठोकळे आहेत. "लाल ठोकळा दे बरं," समोरच्या बाई म्हणतात. मुलगा लाल ठोकळ्याकडे बघतो. हात मात्र निळ्यावर जाऊन पडतो. बाई कागदावर नोंद करतात: सूचना समजत नाही.

हेच दृश्य पुन्हा बघू. या वेळी हात सोडा, फक्त नजर बघा.

ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण 30 टक्के मुलं शाळेच्या वयातही बोलत नाहीत, किंवा मोजकेच शब्द बोलतात. मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. मला हा शब्द खटकतो. मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला बाहेरचं काही नको आहे, असा निकाल त्या नावातच लागून जातो.

बोलायचं तर श्वास, जीभ, ओठ, जबडा या सगळ्यांचा मेळ क्षणात जमावा लागतो. काहींचा नेमका तोच जमत नाही. मनात येतं, पण शरीर ऐकत नाही. काहींना मुळात भाषा समजायलाच जड जाते. कोणाचं काय अडलंय, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आपण मात्र बेधडक सांगत आलो.

2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अशा 30 मुलांना नेहमीची बुद्धिमत्ता चाचणी दिली. एकालाही ती पूर्ण करता आली नाही. मग त्यांच्यापुढे आकृत्यांची कोडी ठेवली, रिकाम्या जागी योग्य तुकडा बसवायची. ती 26 जणांनी पूर्ण केली. मुलं तीच होती, फक्त विचारण्याची पद्धत बदलली होती.

आता या कहाणीतला अवघड भाग. तो गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

1990च्या सुमारास एक पद्धत गाजली. मदतनीस मुलाचा हात धरायचा आणि कीबोर्डवर वाक्यं उमटायची. वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या आईवडिलांना पहिल्यांदाच लेकराचं मन वाचायला मिळालं. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनीसाला दुसरं. टाइप झालं ते मदतनीसाने पाहिलेलं. त्याने मुद्दाम फसवलं नव्हतं. आपलाच हात लिहितोय हे त्याला कळतही नव्हतं. त्या आईवडिलांचं काय झालं असेल, या विचाराने आजही पोटात तुटतं.

'याच्या आत काहीच नाही' म्हणणं आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं, दोन्हीत त्याचं म्हणणं राहूनच जातं.

म्हणून कोणीही हात न धरता वापरता येतील अशी साधनं महत्त्वाची: चित्रांची कार्डं, खुणा, बटण दाबलं की शब्द उच्चारणारा टॅबलेट. त्यावर आपण हौसेने काय भरतो? पाणी, भूक, शू. आणि 'राग आला'? 'कंटाळलो'? 'मला एकटं सोड'? हे शब्द कोण भरणार?

हा टॅबलेट बघा. आई केस विंचरतेय. मुलाचं बोट उठतं, भलत्याच चित्रावरून घसरतं, मागे येतं. आई काही सुचवत नाही. कंगव्याचा हात तसाच हवेत धरून थांबते. मीही आता गप्प बसतो.

(दहा सेकंद शांतता. टॅबलेटचा आवाज: "नको.")

आई कंगवा खाली ठेवते.