स्वतःचा पियानो घेऊन फिरणारा वादक

श्रोतेहो, नमस्कार.

आपले गवई मैफलीला निघाले की तानपुऱ्यांची आपली जोडी बरोबर घेतात. पियानोवादकाच्या नशिबी ते सुख नाही. मोठा कन्सर्ट पियानो पावणेतीन मीटर लांब, वजन जवळपास पाचशे किलो. तेव्हा ज्या गावी कार्यक्रम, तिथल्या सभागृहात जो पियानो असेल तोच गोड मानायचा, थोडा वेळ हात चालवून त्याच्याशी ओळख करून घ्यायची आणि रात्री वाजवायला बसायचं. भले भले वादक हेच करतात. पोलंडचे पियानोवादक क्रिस्टियान झिमेरमान यांना ते कधी रुचलं नाही; ते स्वतःचा पियानो घेऊन फिरू लागले. आज त्यांच्याविषयीच बोलायचंय.

जन्म १९५६चा, झाब्झे गावातला. वडील पियानो वाजवत. पहिले धडे घरातच मिळाले. पुढे कातोवित्सेला अंजेय यासिन्स्की यांच्याकडे तालीम. १९७५ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पोलिश संगीतकार शोपाँ याच्या नावाने वॉर्सात होणारी पियानोची मानाची स्पर्धा त्यांनी जिंकली. पोलिश वादकाला हा मान वीस वर्षांनी मिळत होता. या वयात एवढं नाव झाल्यावर कुणीही मिळेल तिथे वाजवत सुटला असता. झिमेरमान यांनी कार्यक्रम मोजके घेतले, ध्वनिमुद्रणं त्याहून मोजकी केली.

पट्टी दाबली की पियानोच्या आत काय होतं? नमद्याने मढवलेली एक हातोडी उसळून तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. ८८ पट्ट्या आणि त्यांच्या हातोड्या, ही सगळी यंत्रणा पियानोतून अख्खी बाहेर ओढून काढता येते. हातोडी तारेवर नेमकी कुठे पडते, नमदा किती कडक आहे, त्यावर नाद बदलतो. वादक सहसा हे काम कारागिरावर सोडतात. झिमेरमान स्वतः हत्यारं हातात घेतात. एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट, त्याच्या शेवटच्या दोन सोनाटांसाठी, म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या मोठ्या रचनांसाठी, त्यांनी हातोडी तारेवर वेगळ्या जागी पडेल अशी यंत्रणा स्वतः तयार केली. शूबर्टच्या काळच्या वाद्यांचा गुण सुरात यावा, सूर गात राहावा, एवढ्यासाठी. २०१७ साली ती ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा त्यांच्या एकट्याच्या वादनाची नवी ध्वनिमुद्रिका येऊन जवळपास पाव शतक लोटलं होतं.

या हट्टाची किंमतही त्यांनी मोजली आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांचा पियानो अडवला गेला. गोंदाच्या वासाचा संशय आला आणि तो चक्क नष्ट करण्यात आला. वाद्याशी नातं असलेल्या माणसाला हे ऐकतानाही कसंतरी होतं. तरी ते खचले नाहीत. पुढे पियानोचे भाग सुटे करून नेत, कधी गाडी स्वतः चालवत, आणि मुक्कामी पोचल्यावर तासन्‌तास खपून जोडणी करत. २००९ साली लॉस एंजलिसच्या रंगमंचावरून मात्र त्यांनी जाहीर केलं, की अमेरिकेच्या लष्करी धोरणाच्या निषेधार्थ आपण या देशात पुन्हा वाजवणार नाही. काही श्रोते उठून गेले, काहींनी टाळ्या वाजवल्या.

मला स्वतःला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते १९९९चं. शोपाँच्या मृत्यूला दीडशे वर्षं होत होती. शोपाँला वाद्यवृंदासाठी लिहिता येत नसे, त्याच्या दोन्ही कन्सर्टोंमध्ये, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायच्या रचनांमध्ये, वाद्यवृंद नुसता भरीला आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या बोललं जात होतं. झिमेरमान यांनी वाद घातला नाही. पोलंडमधले वादक निवडून स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, पियानोवर बसूनच त्याचं संचालन केलं, दौरा केला आणि दोन्ही कन्सर्टो ध्वनिमुद्रित केले. त्यात व्हायोलिनं सुरावरून सुरावर रेंगाळत, ओढ घेत जातात; एकेक ओळ गळ्यातून आल्यासारखी. भरीचं असं काही उरतच नाही.

श्रोतेहो, त्यातला पहिला, ई मायनर या स्वरपट्टीतला कन्सर्टो जरूर मिळवून ऐका. पियानो यायला बरीच मिनिटं लागतात. तेवढा भाग पुढे ढकलू नका.