कडेकडेनं जाणारी नजर

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमात माणसाची दृष्टी बहुतेक वेळा एका क्षणात जाते. गाडी आदळते, पडदा काळा होतो आणि पुढच्या दृश्यात डोळ्यांवर पट्टी असते. उशाशी जिवाभावाचं माणूस बसलेलं असतं. घरोघरी मात्र असं क्वचितच घडतं. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजारांत नजर वर्षानुवर्षं कडेकडेनं जाते. नवरा-बायकोत खरी कटुता येते ती याच काळात, म्हणून आज त्याच काळाबद्दल बोलायचं आहे.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, आनुवंशिक आजार आहे. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणानं होते. दिवेलागणीला चाल मंदावते, अंधाऱ्या थिएटरात खुर्ची सापडत नाही. मग बाजूचं दिसणं आक्रसत जातं, पण मधली नजर बरीच वर्षं शाबूत राहू शकते. त्यामुळे होतं काय, की माणूस पेपरातला बारीक टाइप वाचतो आणि उठल्याबरोबर मोरीपाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतो. घरच्यांना वाटतं, वाचता येतं तर बादली कशी दिसत नाही? हे वेंधळेपण आहे, नाहीतर सोंग. त्याच्या मनाला हा आरोप अंधारापेक्षा जास्त लागतो.

एक करून बघा. कागदाच्या दोन सुरळ्या करा, प्रत्येकी ३० सेंटिमीटर लांब आणि तोंडाशी साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद. दोन्ही डोळ्यांना लावा, एका जागी बसा आणि स्वयंपाकघराकडे पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख स्वच्छ दिसेल, पण ओट्याच्या कडेवरचा पेला दिसणार नाही. या सुरळीतून जेमतेम ७ अंशांचा कोन दिसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर ती व्यक्ती अंध धरली जाते, मग मधलं कितीही नीट दिसो. सुरळ्या लावून चालू मात्र नका, पडाल.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चॅप्लिनच्या १९३१ सालच्या 'सिटी लाइट्स'मधल्या फुलवालीला उपचारानंतर दिसू लागतं. मोतीबिंदूच्या बाबतीत अशी आशा अगदी योग्य आहे, पण काचबिंदूत औषध फक्त उरलेलं राखतं. थेंब घालून काही बरं वाटत नाही, न घालून काही दुखत नाही, म्हणून ते सुटतात. इथे सोबतीच्या माणसाचा मोठा उपयोग होतो. हात धुवावेत, मान मागे टाकावी, खालची पापणी ओढून झालेल्या खळगीत एकच थेंब सोडावा. बाटलीचं टोक पापण्यांना लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं हलके दोन मिनिटं दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

आता हात धरण्याविषयी. सई परांजप्यांचा १९८०चा 'स्पर्श' आठवा. नसीरुद्दीन शहांचा अनिरुद्ध अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. शबाना आझमींची कविता त्याला मनापासून आवडते, तरी ठरलेलं लग्न तो मोडतो, कारण तिच्या प्रेमात त्याला त्यागाचा, दयेचा वास येतो. हा सिनेमा मला फार मोलाचा वाटतो, कारण मदत कोणाच्या हातानं, कोणाच्या मर्जीनं होते हा प्रश्न तो प्रेमाच्या ऐन मध्यावर आणून ठेवतो.

त्या प्रश्नाचं उत्तर शरीरानं द्यायचं असतं. न दिसणाऱ्या जोडीदाराला दंड पकडून पुढे ढकलू नका. तुमच्या हाताची पाठ त्यांच्या हाताला लावा, ते स्वतः तुमचं कोपर वरच्या बाजूनं धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील. तुमचं शरीर वळलं, थांबलं, की त्यांना आपोआप कळतं. अरुंद बोळ आला की तुमचा हात पाठीमागे न्या, ते तुमच्या मागे येतील. जिन्यापाशी थांबा, वर की खाली ते सांगा, आणि स्वतः एक पायरी पुढे राहा. संपल्यावर "झाला जिना" म्हणायला विसरू नका, कारण नसलेल्या पायरीवर टाकलेलं पाऊल फार जोरात आपटतं. खुर्चीपाशी त्यांना धरून बसवू नका, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, पुढचं त्यांना येतं.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे सोय आधीपासून आहे. आपलं पान वाढायची रीत ठरलेली आहे: मीठ-लिंबू वर, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये. रोज तीच रीत पाळली तर बोटांना पान पाठ होतं. पांढऱ्या ताटात पांढरा भात मात्र कमी दिसणाऱ्याला सापडत नाही, गडद रंगाचं ताट घ्या.

नोटांची अडचण खरी आहे. नव्या २००ची लांबी १४६ मिलिमीटर, ५००ची १५०. चार मिलिमीटरांचा फरक बोटांना घाईत कळत नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं मोबाइल ॲप नोट ओळखून सांगतं. पाकिटात ५००ची नोट दुमडून आणि २००ची सरळ, अशी तुमची घरची खूण ठरवली तरी चालेल, फक्त ती दोघांनी मिळून ठरवा आणि न विचारता बदलू नका. दारंही तशीच, सताड उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते.

आणि खोलीत आलात की "मी आले" म्हणा, बाहेर पडताना "मी आत जातेय" म्हणा. नाहीतर वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही उठून गेलेल्या असता, आणि ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात.