साहेब ‘फिल्डवर’ असतात, तेव्हा हालचाल नोंदवही काय सांगते?

नमस्कार. सरकारी कर्मचारी कार्यालयीन वेळेत स्वतःचा धंदा करत असेल तर तक्रार कशी करावी, हे तुम्ही इतक्या वेळा विचारले आहे की आज केवळ त्यावरच बोलतो.

नियम सरळ आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय खाजगी व्यापार किंवा नोकरी करता येत नाही. कर्तव्यात बाधा येत नसेल तर प्रासंगिक साहित्यिक किंवा कलाविषयक काम चालते. ‘विम्याची एजन्सी पत्नीच्या नावावर आहे, मग काय बिघडले?’ असे एका प्रेक्षकाने काहीशा विजयी सुरात विचारले आहे. बिघडते ते असे, की पत्नीच्या एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने ग्राहक गोळा करणे हाही नियमभंगच मानला जातो.

आता खरी मेख. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयांची वेळ 2020 पासून सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 आहे आणि यंत्रावर अंगठाही उमटतो. पण त्यातून माणूस आला आणि गेला एवढेच कळते, मधले तास तो कुठे होता हे कळत नाही. ते हालचाल नोंदवहीत, म्हणजे बाहेर जाताना कुठे आणि कशासाठी चाललो हे लिहायच्या वहीत, असायला हवे. एका कार्यालयात वारस नोंदीसाठी मी दोन तास बसलो होतो. संबंधित कर्मचारी ‘फिल्डवर’ असल्याचे सांगण्यात आले आणि नोंदवही पाहिली तर शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. जो खरोखर पंचनाम्याला गेला आहे, त्याचा बचावही हीच वही करते, म्हणून प्रामाणिक कर्मचाऱ्यांनी तिचा राग धरू नये. आणि वही कोरी असेल तर प्रश्न त्या कर्मचाऱ्यापुरता राहत नाही. ती न तपासणाऱ्या वरिष्ठालाही उत्तर द्यावे लागते.

अनेकजण दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवतात. बाबांनो, पाटीवरून दुकान आहे हे दिसते; मालक कोणत्या वेळी गल्ल्यावर बसला होता, हे दिसत नाही.

म्हणून तक्रारीत ‘साहेब कधीच जागेवर नसतात’ असे लिहू नका. तारीख, वेळ आणि कार्यासन (कार्यालयातला तो कर्मचारी ज्या शाखेत बसतो ती) लिहा, तक्रार कार्यालयप्रमुखांकडे देऊन पोच घ्या आणि माहिती अधिकाराच्या 10 रुपयांच्या अर्जात त्याच दिवसाच्या हालचाल नोंदवहीच्या पानाची प्रत मागा.